सहा टूथपेस्ट आणि सासूबाईंची लाळ

गल्लीत त्यांना सगळे जंतूवहिनी म्हणत. तोंडावर नुसतं वहिनी, आणि त्या वळून पुढे गेल्या की जंतूवहिनी. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्यांची काडीचीही तक्रार नव्हती. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर एक छोटी तपासणीची प्रयोगशाळा आहे, तिथे वहिनी कित्येक वर्षं इमानेइतबारे जंतू वाढवत होत्या. मग लोकांनी आपल्याला दुसरं काय म्हणावं, असा त्यांचा सरळ विचार होता.

प्रयोगशाळेत पाणी यायचं, दूध यायचं, खोकल्याची औषधं आणि तोंडाला लावायची क्रीमं यायची. पण वहिनींचा खरा जीव दातांच्या पेस्टवर. कोणी नवी पेस्ट बाजारात आणायची म्हटलं की आधी तिच्यात किती दम आहे ते बघायला ट्यूब इथे पाठवत. काम ऐकायला सोपं आहे. काचेच्या चपट्या बशीत जेलीसारखं खाणं ओतायचं. ते थिजलं की त्यावर माणसाची लाळ पसरायची. मग जेलीला बारीक नळीने भोकं पाडून एकेका भोकात एकेक पेस्ट पाण्यात कालवून भरायची आणि बशी झाकून उबदार पेटीत ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी उघडली की बशीभर जंतूंची साय धरलेली असते, आणि ज्या पेस्टने आपलं काम केलं तिच्या भोवती तेवढा स्वच्छ गोल. गोल मोठा तर मार मोठा. पट्टी लावायची, गोल मोजायचे आणि घरी जायचं.

अडचण एकच. लाळ लागते ती सकाळची, उठल्याबरोबरची, दात न घासता, चूळ न भरता, चहाचा घोटही न घेता. आता अशा अवतारात जिने चढून प्रयोगशाळेत येईल असा भला माणूस कुठून आणायचा? म्हणून तिथल्या सगळ्यांनी ते काम आपापल्या घरच्यांच्या गळ्यात मारलेलं होतं. वहिनींच्या घरात तर दिवस उजाडायचा तोच बाटलीने. न्हाणीघराच्या दारापाशी फळीवर उकळून ठेवलेल्या बाटल्या असत. आधी त्यात थुंकायचं, मग बाकी जग. एकदा मुक्कामाला आलेल्या मावसदिराच्या हातातही वहिनींनी झोपेच्या तारेत बाटली दिली होती. त्याने मुकाट्याने ती भरून दिली. पुन्हा मात्र तो मुक्कामाला आला नाही.

घरात माणसं तीन. त्यातल्या वहिनींची स्वतःची लाळ चालत नसे, कारण जो गोल मोजणार त्याचीच लाळ नको, असा तिथला नियम होता. त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात कामाला. दुसऱ्यांना लांबचं दिसावं म्हणून दिवसभर झटायचे आणि घरात समोर ठेवलेली किल्ली शोधत फिरायचे. ते बाद झाले चहापायी. उठल्यावर आधी चहा पोटात गेल्याशिवाय त्यांना बोलणं सोडाच, थुंकताही येत नसे, आणि चहानंतरची लाळ कुचकामाची. उरल्या सासूबाई.

सासूबाईंनी उमेदीची सारी वर्षं एका मोठ्या हॉटेलात काढली होती. चादरी, अभ्रे, टॉवेल यांचं खातं त्यांच्या हाताखाली होतं. धुऊन आलेली चादर त्या खिडकीपाशी उजेडात धरत आणि नखाएवढा डाग दिसला तरी परत पाठवत. हॉटेलचा मालक कोणाला भीत नसे, पण सासूबाई समोरून येताना दिसल्या की तो आपल्या शर्टाची कॉलर चाचपून बघायचा, असं त्या स्वतःच सांगत. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली तरी नजर तीच होती. त्यांच्या खोलीतल्या पलंगावर बसायचं तर आपण आधी झटकले गेलो आहोत की नाही, अशी माणसाला शंका यायची. अशा बाईने सुनेच्या नोकरीसाठी रोज सकाळी बाटलीत थुंकायचं कबूल केलं, हेच मुळात नवल होतं. न्हाणीघराचं दार लावून त्या आतच बाटली भरत, कागदात गुंडाळून बाहेर देत आणि त्या विषयावर एक अक्षर बोलत नसत.

तर अशा या घरात एक मोठी गोष्ट घडायची होती आणि ती वहिनींनी कोणाला सांगितलीच नाही. ग्राहकांसाठी निघणाऱ्या एका मासिकाने प्रयोगशाळेला विचारलं होतं, की बाजारात इतक्या तऱ्हेच्या पेस्ट आहेत, त्या तोंडातल्या जंतूंशी कशा लढतात ते शेजारी शेजारी ठेवून दाखवाल का? प्रयोगशाळेच्या मॅडमनी वहिनींना बोलावलं आणि सहा ट्यूब टेबलावर मांडल्या. एक साधी फ्लोराइडची, एक जडीबुटीची, एक कोळशाची काळी, एक मिठाची, एक थंड पाण्याने दात शिवशिवणाऱ्यांसाठीची आणि एक लहान मुलांची गोड.

"हे सगळं तू कर," मॅडम म्हणाल्या. "लिहायचंही तूच. आणि खाली नाव तुझं जाईल, माझं नाही."

वहिनी नुसतं "बरं" म्हणाल्या. पण जिना उतरताना त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. आजवर त्यांनी मोजलेले गोल कोणाकोणाच्या नावावर कुठे कुठे गेले, देव जाणे. त्यांचं नाव छापील असं लग्नाच्या पत्रिकेत आलं होतं तेवढंच, आणि तिथेही ते चुकीचं छापलं होतं. आधी होऊ दे, मग सांगू, असं ठरवून त्यांनी घरी ताकास तूर लागू दिली नाही. हे मात्र त्यांचं चुकलं.

आधी रंगीत तालीम झाली. सासूबाईंची लाळ, सहा पेस्ट आणि एका भोकात नुसतं पाणी. दुसऱ्या दिवशी बशी उघडली आणि वहिनी बघतच राहिल्या. अशी दाट, एकसारखी, काठापर्यंत भरलेली साय त्यांनी क्वचितच पाहिली होती. विरळ जंतूंत गोल धड दिसत नाही, कडा विस्कटतात. इथे कडा कात्रीने कापल्यासारख्या होत्या. जडीबुटीवालीचा गोल ऐसपैस, त्याच्या खालोखाल साधी फ्लोराइडची, मग शिवशिवणाऱ्या दातांची. मिठाचा गोल जेमतेम, गोड पेस्टचा त्याहून बारका. आणि जाहिरातीत सगळ्यात जास्त गुरगुरणाऱ्या काळ्या पेस्टने बशीत फक्त एक काळा डाग पाडला होता. जंतू तिच्या अंगाला अंग लावून निवांत बसले होते.

त्या आनंदात वहिनी घरी आल्या आणि जेवताना म्हणाल्या, "आज आईंची बशी बघायला हवी होती. काय गर्दी, काय गर्दी. आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांत जास्त."

यजमानांनी घास तसाच हातात धरला. "म्हणजे अख्ख्या गावात सगळ्यात घाण तोंड आमच्या आईचं?"

यावर ते स्वतःच खो खो हसले. वहिनीही हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सासूबाईही थोड्या हसल्या, भाजी वाढून घेतली आणि जेवण होताच झोपायला गेल्या. यात काही वावगं झालं असं कोणालाही वाटलं नाही.

मग खरा प्रयोग लागला. वहिनींनी बशा मांडल्या, भोकं पाडली, पेस्ट भरल्या. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर बशा कोऱ्या करकरीत. गोल नाही, साय नाही, जंतू औषधालाही नाही.

"अरे वा," मॅडम खांद्यावरून डोकावून म्हणाल्या, "सगळ्याच पेस्ट जिंकल्या की काय?"

"पाणीसुद्धा जिंकलंय," वहिनी म्हणाल्या.

पेस्ट नसलेल्या, नुसत्या पाण्याच्या भोकाभोवतीही काही उगवलं नव्हतं, म्हणजे लाळेतच दोष होता. किंवा खाण्यात. किंवा पेटीत. वहिनींनी खाणं नव्याने शिजवलं, पेटीची ऊब तपासली, साबणाचा अंश राहिला असेल म्हणून बाटल्या पुन्हा पुन्हा उकळल्या. पुन्हा लाळ आणली, पुन्हा बशा मांडल्या. पुन्हा कोऱ्या. "आई, तुम्हाला कसली गोळी चालू आहे का?" त्यांनी घरी विचारलं. "मला काय धाड भरलीय?" सासूबाई म्हणाल्या आणि टॉवेलाच्या घड्या घालत राहिल्या.

मासिकवाल्यांचे फोन सुरू झाले. मॅडम चांगल्या बाई, आवाज चढवणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण त्यांनाही शेवटी म्हणावं लागलं, "आता एकदाच जमेल. या खेपेला नाही आलं तर माझी जुनी निरीक्षणं आहेत, ती माझ्या नावाने देऊन टाकू. वाईट वाटून घेऊ नकोस." वाईट वाटून घेऊ नकोस म्हटल्याने ते वाटायचं राहतं, असा अनुभव कोणाचाच नाही. वहिनी घरी आल्या, जेवल्या नाहीत, आणि यजमानांनी कारण विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गजर व्हायच्या आतच त्यांना जाग आली. उजाडत होतं. न्हाणीघरात दिवा होता आणि आतून असा आवाज येत होता की जणू कोणी भांडी विसळतंय. दार नीट लागलं नव्हतं. वहिनींनी फटीतून पाहिलं.

सासूबाई आरशासमोर उभ्या होत्या. बेसिनच्या कडेवर त्या सहाही पेस्टच्या जादा ट्यूब, ज्या वहिनींनी घरी वापरायला म्हणून आणून ठेवल्या होत्या, ओळीने मांडलेल्या. सासूबाई एकेक ट्यूब घेत होत्या आणि घासत होत्या. जडीबुटी झाली, मीठ झालं, काळी झाली, मुलांची गोडसुद्धा सुटली नाही. मग जीभ घासली. मग कपाटाच्या मागून एक गुलाबी औषधी पाण्याची बाटली काढली, दातांच्या डॉक्टरकडे मिळते ती, आणि मान वर करून कितीतरी वेळ खळखळून गुळण्या केल्या. एवढं सगळं आटोपल्यावर त्यांनी प्रयोगशाळेची बाटली उघडली आणि त्या तिच्यात अगदी अदबीने थुंकल्या. शेजारी वाटीत पाणी होतं आणि त्यात त्यांचे पुढचे दोन दात होते. ते दात खोटे आहेत, हे वहिनींना लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं.

वहिनी पावलांचा आवाज न करता मागे सरकल्या. कागदात गुंडाळलेली बाटली त्यांनी नेहमीसारखी घेतली आणि चहा टाकला. यजमान दुकानात गेल्यावर मात्र त्यांना राहवेना.

"आई, तुम्ही बाटली भरायच्या आधी दात घासता?"

सासूबाईंनी कप खाली ठेवला नाही. "मग? लोकांकडे जायची वस्तू. तशीच द्यायची?"

"पण तशीच हवी असते ती. आजवर तशीच देत होता ना?"

"आजवर मला कुठे माहीत होतं तुम्ही त्यात काय बघता ते. मला वाटायचं, पेस्ट बघता. तू म्हणालीस, सगळ्यात जास्त घाण माझ्या तोंडात."

"घाण नाही हो म्हटलं मी. गर्दी म्हटलं."

"चादरीवर एक डाग असो नाहीतर गर्दी असो, चादर धुवायलाच जाते," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या त्या मॅडम रोज ती बशी उजेडात धरून बघणार. चाळीसएक वर्षं मी लोकांचे डाग काढले. आता म्हातारपणी माझा डाग लोकांनी बघायचा?"

वहिनींनी सांगायचा प्रयत्न केला, की प्रत्येकाच्या तोंडात असतात, राजाच्याही असतात, डॉक्टरच्याही, मॅडमच्याही. की लाळेत जंतू जास्त म्हणजे माणूस अस्वच्छ, असं काही नसतं. की सहा पेस्ट एकापाठोपाठ एक घासून कोणाच्या हिरड्या टिकणार नाहीत. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, हॉटेलात तक्रार घेऊन आलेल्या पाहुण्याचं ऐकायच्या तसं, आणि चहा संपवला.

"ते सगळं खरं असेल," त्या म्हणाल्या. "पण तू हसलीस. तो हसला त्याचं काही नाही, तो लहानपणापासून असाच हसतो. तू हसलीस ते मला लागलं."

वहिनींना स्वतःची लाज वाटली, आणि सासूबाईंची इतकी माया आली की ती कुठे ठेवावी हे कळेना. शेवटी त्या खालमानेने म्हणाल्या, "मी तुमच्यावर नाही हसले, आई. मला आनंद झाला होता. पहिल्यांदा माझ्या नावाने काहीतरी छापून येणार होतं, आणि तुमची बशी अशी आली की मॅडमनी सगळ्यांना बोलावून दाखवली. त्या आनंदात मी जेवताना बोलून गेले. तुम्हाला काय वाटेल याचा विचार केला नाही. चुकलं माझं."

"तुझ्या नावाने म्हणजे?"

वहिनींनी मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. मासिक, सहा ट्यूब, कोऱ्या बशा, मॅडमची जुनी निरीक्षणं. सासूबाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"आणि हे घरात कोणाला सांगायचं नाही?"

"आधी होऊ दे म्हटलं."

"झालं की मग," सासूबाई म्हणाल्या. "मी तिकडे गुळण्या करतेय आणि तू इकडे बाटल्या उकळतेयस. शहाण्या आहोत दोघी." त्यांनी दोन्ही कप उचलले आणि त्या धुवायला गेल्या. उद्याचं विचारायचं वहिनींना धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी जेवणाच्या टेबलाशी बाटली समोर ठेवून बसल्या. नाही म्हणाल्या तर नाही, त्यांनी मनाची तयारी केली होती. म्हाताऱ्या माणसावर जबरदस्ती करून नाव छापून आणायचं नव्हतं. तरी न्हाणीघराकडे त्यांचे कान लागले होते. तिथे काहीच आवाज नव्हता. मग खोलीचं दार उघडलं आणि सासूबाई बाहेर आल्या.

केस विंचरलेले नव्हते. ओठ आत गेले होते, पुढे दोन दातांची खिडकी होती, आणि त्यामुळे चेहरा एकदम वेगळा, लहान दिसत होता. इतक्या वर्षांत त्यांना असं कोणी पाहिलं नव्हतं, बहुधा सासऱ्यांनीही नाही. त्या टेबलापाशी आल्या, बाटली उचलली, आणि आत न जाता, दार न लावता, सुनेच्या समोर उभं राहून त्यांनी ती भरली.

"घे," त्या म्हणाल्या. शब्दांतून वारा जात होता. "काही केलेलं नाही. चूळसुद्धा नाही भरली."

वहिनींनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. त्यांना वाटलं, उठून या बाईला मिठीच मारावी. त्या तशा उठल्याही.

"लांब हो," सासूबाई मागे सरकत म्हणाल्या, "मी दात घासलेले नाहीत."

तो दिवस आणि दुसऱ्या दिवसाची दुपार वहिनींनी कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. बशा मोजून, पुन्हा मोजून, मॅडमकडून तपासून घेऊन त्या घरी आल्या तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. केस चापूनचोपून बसवलेले, दात जागच्या जागी.

"उगवले का माझे?"

"उगवले, आई. गच्च."

"काठापर्यंत?"

"काठापर्यंत. बोट ठेवायला जागा नाही."

सासूबाईंनी श्वास सोडला, मग लगेच मान वळवून आत बसलेल्या मुलाला हाक मारली. "ऐकलंस का रे? गच्च उगवलेत." हे त्या अशा थाटात म्हणाल्या, की कोणाला वाटावं बागेत काहीतरी लावलं होतं. यजमानांनी या खेपेला नुसती मान डोलावली, हे फार बरं झालं.

"आणि जिंकलं कोण?" सासूबाईंनी विचारलं.

वहिनींनी चपला काढता काढता सांगितलं. सगळ्यात मोठा गोल जडीबुटीवालीचा, तिच्या पाठोपाठ साधी फ्लोराइडची. पण बशीतला गोल म्हणजे सगळं नव्हे, हे त्यांनी लेखात आधीच लिहिलं होतं. बशीत पेस्ट दिवसभर जंतूंच्या उरावर बसते. तोंडात ती चूळ भरेपर्यंतच असते. शिवाय फ्लोराइडचं खरं काम जंतू मारायचं नाहीच, दाताला बळकट करायचं आहे, आणि ते बशीत दिसत नाही. म्हणून ट्यूब कोणतीही घ्या, घाई न करता घासा, असा साधा शेवट त्यांनी केला होता. काळीचं मात्र जे दिसलं ते लिहिलं होतं.

"म्हणजे सगळे मेले असं कोणत्याच पेस्टने नाही झालं?"

"कोणत्याच नाही. गोलाच्या बाहेर तुमचे सगळे जिवंत."

सासूबाईंना हे फार आवडलं. सहा कंपन्या अंगावर आल्या आणि आपण सगळ्यांना पुरून उरलो, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर पसरला. त्या खुर्चीवर बसल्या, पण काहीतरी मनात घोळत होतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मग त्या मासिकात लाळ कोणाची ते लिहितात का?"

वहिनींनी मान हलवली. "नाही, आई. लाळ देणाऱ्याचं नाव छापत नाहीत. एक ज्येष्ठ महिला, एवढंच."

"आणि तुझं?"

"माझं येईल. आपलं आडनाव, पूर्ण."

"पुरे झालं की मग," सासूबाई म्हणाल्या. "घरातलंच आहे."